विश्लेषण : आधी अभ्यास की आधी सेवा? ज्यू तरुणांच्या स्वयंसेवेतून काय शिकता येईल?

कळव्याच्या झोपडपट्टीत शिकवायला आलेले परदेशी ज्यू तरुण, दोन हजार वर्षांपूर्वीचा द्राक्षबागेचा नियम आणि कोकणात मराठी बोलत वाढलेला बेने इस्रायल समाज यांना जोडणारा धागा एकच आहे. सेवा करणाऱ्याने आपण ती का करतो, याचाही अभ्यास करायचा. राष्ट्रीय सेवा योजनेचे तास भरणाऱ्या आणि सिंहस्थाच्या तयारीत असलेल्या नाशिकच्या तरुणांसाठी हे प्रारूप समजून घेण्यासारखे आहे.

कळव्यात नेमके काय सुरू झाले?

पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्या नाशिककरांना पारसिकचा डोंगर मागे पडला की ठाणे आले हे कळते. त्याआधी खिडकीतून दिसणारी पत्र्यांची दाटी म्हणजे कळवा. याच कळव्यातील झोपडपट्ट्यांत २०१२ पासून ‘गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई’ या संस्थेचे काम सुरू झाले. संस्थापक जेकब श्टोकमन हे इस्रायलमधील तंत्रज्ञान क्षेत्रात काम करणारे. कामानिमित्त मुंबईत आले असताना त्यांनी वस्त्यांमधील मुलांची स्थिती पाहिली आणि त्यातून हा प्रकल्प उभा राहिला.

संस्थेच्या पहिल्या मोठ्या उपक्रमामागचा विचार साधा होता. घरात खायला नसेल तर मूल शाळेत जाण्याऐवजी कामाला जाते किंवा भंगार वेचते. मग वर्गातच गरम जेवण मिळाले तर? मुलाला भूक आणि शिक्षण यांतून एकाची निवड करावी लागू नये, हा ‘ईट टू लर्न’चा गाभा. वर्ग चालवण्यासाठी फादर ट्रेव्हर मिरांडा यांनी स्थापन केलेल्या ‘रीप’ या स्थानिक संस्थेशी भागीदारी झाली. स्वयंपाकाची जबाबदारी वस्तीतल्याच महिलांच्या गटाने घेतली. या महिलांच्या पाककृती आणि आयुष्यांवर एलाना श्टोकमन यांनी २०१८ मध्ये ‘मसाला मामाज’ हे पुस्तक केले.

म्हणजे कल्पना एका ज्यू माणसाची, वर्गांचा अनुभव एका जेझुइट धर्मगुरूने उभारलेल्या संस्थेचा, चूल वस्तीतल्या बायांची आणि मुले सर्व जातिधर्मांची. या साखळीत आणखी एक कडी होती, ती परदेशातून काही महिने येऊन राहणाऱ्या ज्यू तरुणांची.

हे तरुण कोण आणि ते येतात कशासाठी?

‘अमेरिकन ज्युइश जॉइंट डिस्ट्रिब्युशन कमिटी’ ही १९१४ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात स्थापन झालेली मदतसंस्था. तिला थोडक्यात ‘जॉइंट’ म्हणतात. भारतातील ज्यू समाजासाठीही ती अनेक दशके काम करते आहे. तिच्या ‘एंट्वाइन’ या तरुणांसाठीच्या विभागामार्फत विशीतिशीतील स्वयंसेवक वेगवेगळ्या देशांत पाठवले जातात. मुंबई हे त्यातले एक ठिकाण. काही जण मोजक्या दिवसांच्या अभ्यासदौऱ्यावर येतात, तर काही वर्षभर राहून स्थानिक ज्यू समाजाबरोबर आणि वस्त्यांमध्ये काम करतात.

अमेरिकेत असे अनेक उपक्रम आहेत. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘अवोदा’चे सदस्य पदवीनंतर एक वर्ष एकाच घरात एकत्र राहतात. दिवसा ते बेघरांसाठी, स्थलांतरितांसाठी किंवा गरिबांना कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थांमध्ये काम करतात आणि उरलेल्या वेळात गरिबीची कारणे व ज्यू ग्रंथ यांचा एकत्र अभ्यास करतात. ‘अवोदा’ या हिब्रू शब्दाचे अर्थही बोलके आहेत. काम, सेवा आणि उपासना या तिन्हींसाठी हा एकच शब्द वापरला जातो. २००९ मध्ये स्थापन झालेली ‘रिपेअर द वर्ल्ड’ ही संस्था तरुणांना शहरांमधील स्थानिक संस्थांशी जोडते. अन्नाची टंचाई, घरे, शिक्षण असे तिचे विषय आहेत.

इस्रायलमध्ये बारावीनंतर सक्तीच्या लष्करी सेवेआधी एक वर्ष ‘मेखिना’त घालवण्याचा पर्याय अनेक मुले घेतात. १९८८ मध्ये पहिली मेखिना सुरू झाली. एकत्र निवास, तत्त्वज्ञान व धर्मग्रंथांवर चर्चा आणि आसपासच्या वस्तीत स्वयंसेवा, असा तेथील दिनक्रम असतो. २००७ मध्ये रब्बी मिखा ओडेनहायमर यांनी नेपाळमध्ये ‘तेवेल बेत्सेदेक’ हा उपक्रम सुरू केला. लष्करी सेवा संपवून पाठीवर पिशवी टाकून हिमालयात भटकायला येणाऱ्या इस्रायली तरुणांना गावांमध्ये कामाला लावायचे, हा त्याचा उद्देश.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. आठवड्याच्या वेळापत्रकात कामाचे तास असतात, तसेच वाचनाचे आणि वादाचेही तास असतात.

सेवेला अभ्यासाची जोड कशासाठी?

ही परंपरा फार जुनी आहे. तालमूद या ज्यू ग्रंथात एक प्रसंग येतो. लोद गावातील एका घराच्या माडीवर विद्वान बसले होते. अभ्यास थोर की कृती, असा प्रश्न त्यांच्यापुढे आला. रब्बी तार्फोन यांनी कृतीच्या बाजूने कौल दिला, रब्बी अकिवा यांनी अभ्यासाच्या. शेवटी सर्वांचे एकमत झाले की अभ्यास थोर आहे, कारण तो माणसाला कृतीपर्यंत नेतो. हा निकाल दिसतो अकिवांच्या बाजूचा, पण त्याचे कारण तार्फोन यांच्या पारड्यात पडणारे आहे. ज्या अभ्यासातून काम उभे राहत नाही, त्याला या तर्कात जागा उरत नाही. त्याचप्रमाणे, अभ्यासाविना केलेले काम कोणत्या दिशेने जाईल, याचीही खात्री उरत नाही.

अभ्यासाची पद्धतही वेगळी आहे. तिला ‘हव्रूता’ म्हणतात. दोघांनी समोरासमोर बसायचे, एकच उतारा मोठ्याने वाचायचा आणि एकमेकांचे म्हणणे खोडून पाहायचे. शिक्षक असतो, पण तो व्याख्यान देत नाही. स्वयंसेवकांच्या बाबतीत हा उतारा त्यांच्या दिवसभराच्या अनुभवाशी भिडतो. वर्गात एका मुलाला जास्तीचे जेवण दिले, मग दुसऱ्याने मागितले. द्यायचे की नाही? या प्रश्नावर दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी काय वाद घातला होता, हे वाचताना आपला प्रश्न नवा नाही हे कळते आणि त्याला सोपे उत्तर नाही हेही कळते.

त्सेदाका आणि दान यांत फरक काय?

हिब्रूमध्ये गरजूला दिल्या जाणाऱ्या मदतीला ‘त्सेदाका’ म्हणतात. हा शब्द ‘त्सेदेक’ म्हणजे न्याय या धातूपासून आला आहे. त्यामुळे देणाऱ्याने उपकार केला असे मानले जात नाही. त्याने आपल्यावरची बाकी चुकती केली, असे मानले जाते. उत्पन्नाचा दशांश बाजूला काढण्याची प्रथाही यातूनच आली.

याच्या जोडीला दुसरी संकल्पना आहे ‘गमिलूत हसादीम’, म्हणजे प्रेमाने केलेली कामे. आजाऱ्याला भेटणे, शोकात असलेल्या घरी जाऊन बसणे, मृताच्या अंत्यविधीला खांदा देणे ही त्याची उदाहरणे. त्सेदाका पैशाने होते, गमिलूत हसादीम देहाने आणि वेळानेही होते. त्सेदाका गरिबालाच देता येते, हे मात्र श्रीमंतालाही देता येते आणि मृतालाही. म्हणून परंपरेने ते वरचढ मानले. आजच्या भाषेत ज्याला आपण स्वयंसेवा म्हणतो, तिचे मूळ त्सेदाकापेक्षा इथे अधिक आहे.

बाराव्या शतकातील वैद्य आणि तत्त्वज्ञ मायमोनिडीस (११३८-१२०४) यांनी देण्याच्या आठ पायऱ्या मांडल्या. खालून वर त्या अशा :

१. नाखुशीने देणे.
२. हवे त्यापेक्षा कमी, पण हसतमुखाने देणे.
३. मागितल्यावर देणे.
४. मागण्याआधीच देणे.
५. घेणाऱ्याला देणारा माहीत असतो, पण देणाऱ्याला घेणारा माहीत नसतो.
६. देणाऱ्याला घेणारा माहीत असतो, पण घेणाऱ्याला देणारा माहीत नसतो.
७. दोघांनाही एकमेकांची ओळख नसते.
८. कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन समोरच्याला पुन्हा हात पसरावा लागणार नाही, असे करणे.

वाटप करतानाचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकण्याच्या काळात सहावी आणि सातवी पायरी थोडी अस्वस्थ करणारी आहे. कळव्यातील स्वयंपाकाचे काम वस्तीतल्या महिलांकडे सोपवण्यामागचा अर्थ आठव्या पायरीवरून समजतो. तयार डबे बाहेरून आणता आले असते. पण मग मुलांचे पोट भरले असते आणि आयांच्या हाताला काम मिळाले नसते.

द्राक्षबागेचा नियम नाशिककरांना का जवळचा वाटेल?

ज्यू तरुणांच्या अभ्यासवर्गात हमखास येणारा उतारा तोरामधील लेवीय या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातला आहे. त्याचा आशय असा : शेत कापताना कडेकोपरा शिल्लक ठेवा, हातातून निसटलेली कणसे पुन्हा गोळा करू नका, द्राक्षबाग पूर्ण झोडपून घेऊ नका आणि खाली पडलेले मणी वेचू नका. हे सारे गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा.

आपल्याकडे कापणीनंतर शेतात उरलेले वेचण्याला ‘सरवा वेचणे’ म्हणतात. बाजरी, भुईमूग, कांदा निघाला की गावातल्या बाया सरवा वेचायला शेतात उतरतात आणि बहुतेक शेतकरी त्यांना हटकत नाहीत. तोरामध्ये या सरव्याचा कायदा झाला. नंतरच्या मिश्ना या ग्रंथात तर त्यावर ‘पेआ’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात तपशील इतके बारीक आहेत की वाचताना एखाद्या शासननिर्णयाची आठवण व्हावी.

कोपरा किती सोडायचा? किमान एक साठांश. एका एकरात ४० गुंठे असतात. त्याचा साठावा भाग म्हणजे पाऊण गुंठ्यालाही थोडा कमी, साधारण ७२६ चौरस फूट. नाशिकमधल्या एका दोन खोल्यांच्या सदनिकेएवढी जागा. पीक चांगले आले असेल, शेत मोठे असेल किंवा गावात गरीब जास्त असतील, तर याहून अधिक सोडावे, असेही ग्रंथ सांगतो.

द्राक्षांसाठी दोन स्वतंत्र नियम आहेत. काढणीच्या वेळी गळून पडणारे मणी, म्हणजे ‘पेरेत’, मालकाचे नाहीत. आणि ज्या घडाला खांदा धरलेला नाही, मणी नीट लोंबलेले नाहीत, असा अपुरा घड, म्हणजे ‘ओलेलोत’, वेलीवरच सोडायचा. घडाचा आकार आणि मण्यांची फुगवण पाहून माल निवडणाऱ्या निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांना ही व्याख्या समजावून सांगावी लागणार नाही.

मात्र या नियमांतील सर्वात महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. शेतमालकाने हा माल स्वतः वेचून आपल्या पसंतीच्या गरिबाला द्यायचा नाही. हा माझा गडी आहे म्हणून त्याला जास्त, तो भांडखोर आहे म्हणून त्याला कमी, असे त्याला करता येत नाही. गरीब माणूस स्वतः येईल, स्वतः वेचेल आणि कोणाचेही आभार न मानता घेऊन जाईल. त्या साठाव्या भागावर मालकी त्याचीच आहे.

काटेकोर धार्मिक अर्थाने हे नियम प्राचीन इस्रायलच्या भूमीपुरते होते. पण त्यातले तत्त्व आजही वापरले जाते. इस्रायलमध्ये २००३ मध्ये जोसेफ गिटलर यांनी सुरू केलेल्या अन्नसंकलन संस्थेचे नावच ‘लेकेत’, म्हणजे सरवा, असे आहे. तिचे स्वयंसेवक शेतात उतरून बाजारात न जाणारा भाजीपाला आणि फळे काढतात व तो गरजूंसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे पोहोचवतात.

‘तिक्कून ओलाम’वरून वाद का आहे?

ज्यू स्वयंसेवेची ओळख सांगताना ‘तिक्कून ओलाम’, म्हणजे जगाची दुरुस्ती, हा शब्दप्रयोग सर्रास वापरला जातो. त्याचा प्रवास मात्र सरळ नाही. मिश्नामध्ये तो कायद्याच्या संदर्भात येतो. समाजाची घडी विस्कटू नये म्हणून केलेल्या घटस्फोटाच्या किंवा कर्जाच्या नियमांना हे कारण दिले जाई. नंतर कबाला या गूढवादी परंपरेत त्याला विश्वाच्या भंगलेल्या रचनेला सांधण्याचा अर्थ मिळाला. सामाजिक न्यायासाठी काम करणे हा आजचा अर्थ प्रामुख्याने विसाव्या शतकातील अमेरिकेत रुजला.

म्हणूनच काही परंपरावादी अभ्यासकांचा आक्षेप आहे की आपल्याला आवडणाऱ्या राजकीय भूमिकेला धार्मिक लेबल लावण्यासाठी हा शब्द वापरला जातो. प्रार्थना, शब्बाथ, आहाराचे नियम बाजूला ठेवून फक्त समाजकार्य म्हणजे धर्म का, असा त्यांचा प्रश्न असतो. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझातील युद्धाने हा वाद आणखी तीव्र केला. न्यायाची भाषा आपल्या माणसांपुरती की सर्वांसाठी, यावर अमेरिकेतील ज्यू तरुणांमध्ये उघड फूट दिसते. अभ्यासवर्गातून सगळे एकाच उत्तरावर येतात, असा समज त्यामुळे करून घेऊ नये.

महाराष्ट्राचा याच्याशी संबंध काय?

महाराष्ट्रासाठी हा विषय परका नाही. बेने इस्रायल हा ज्यू समाज शतकानुशतके कोकणात राहिला. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश सुरू झाला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. दिवेकर, केहिमकर, राजपूरकर अशी आडनावे गावांवरून आली. घरातली भाषा मराठी. नवस फेडताना किंवा शुभकार्यात गोड पोहे, खोबरे आणि फळे यांचा ‘मलिदा’ करून एलियाहू हानाबी या प्रेषिताचे स्मरण करण्याची त्यांची रीत जगातील इतर ज्यूंमध्ये आढळत नाही.

मुंबईतील त्यांचे पहिले सिनेगॉग ‘शाअर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी बांधले. मस्जिद स्थानकाचे नाव याच सिनेगॉगवरून पडले, असे सांगितले जाते. शिक्षणाची बाजू १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी उचलली. त्यांनी सुरू केलेली इस्रायली शाळा पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. आज तिथे शिकणारी बहुसंख्य मुले ज्यू नाहीत. आपल्या समाजासाठी उघडलेले दार शेजाऱ्यांसाठी उघडे राहिले.

अभ्यासासाठी या समाजाने मराठी मातीतलेच साधन निवडले. १८८० च्या सुमारास बेने इस्रायल मंडळींनी कीर्तन सुरू केले. विषय अब्राहम, जोसेफ यांच्यासारख्या बायबलमधील व्यक्तींचे, भाषा आणि चाली मराठी. हिब्रू न येणाऱ्या माणसापर्यंत ग्रंथ पोहोचवण्याचा याहून सोपा मार्ग नव्हता.

डॉ. जेरुशा झिराड (१८९०-१९८४) यांच्या आयुष्यात अभ्यास आणि सेवा यांची सांगड सर्वात ठळक दिसते. लंडनमध्ये स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन त्या परतल्या आणि १९२८ ते १९४७ या काळात मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. शहरातील मातामृत्यूंच्या कारणांचाही त्यांनी अभ्यास केला. १९२५ मध्ये मुंबईत उदारमतवादी ज्यू विचारांच्या ‘ज्युइश रिलिजियस युनियन’च्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

बगदादहून आलेल्या ज्यूंपैकी डेव्हिड ससून यांच्या दानातून पुण्याचे ससून रुग्णालय उभे राहिले. ससून घराण्याच्या संपत्तीत अफूच्या व्यापाराचा मोठा वाटा होता, हेही इतिहासात नोंदलेले आहे. दान कुठून आले, हा प्रश्न अभ्यासवर्गात टाळता येत नाही.

आज या समाजातील तरुणांपुढे कोणता प्रश्न आहे?

संख्येचा. स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्रायलांची संख्या २० हजारांच्या आसपास होती. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यानंतर बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. आता संपूर्ण भारतात ज्यूंची संख्या पाच हजारांच्या आत आहे आणि त्यातील बहुतांश मुंबई-ठाणे परिसरात आहेत. ठाण्याचे १८७९ मधील ‘शाअर हशामाइम’ सिनेगॉग हे आज त्यांचे एक मुख्य केंद्र. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला.

संख्या घटली की सेवेचा अर्थ बदलतो. सामूहिक प्रार्थनेसाठी परंपरेनुसार किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. याला ‘मिन्यान’ म्हणतात. कोकणातल्या गावांत सिनेगॉग उभे आहे, पण दहा माणसे जमत नाहीत, अशी स्थिती आहे. मुले परदेशी गेल्याने मागे राहिलेल्या वृद्धांकडे कोणी पाहायचे, जुन्या दफनभूमीतील गवत कोणी काढायचे, लहान मुलांना हिब्रू अक्षरे कोणी शिकवायची, हे प्रश्न मोजक्या तरुणांवर येतात. मुंबईतील एव्हलिन पीटर्स ज्यू समाज केंद्र आणि तरुणांचे गट यासाठी वर्ग, शिबिरे आणि सणांचे कार्यक्रम घेतात. नोव्हेंबर २००८ च्या नरिमन हाऊस हल्ल्यानंतर सिनेगॉगबाहेर पोलीस बंदोबस्त आला. त्यामुळे शेजाऱ्यांना सहज आत बोलावणेही पूर्वीसारखे सोपे राहिलेले नाही.

इथे परदेशी पाहुणा आणि स्थानिक तरुण यांच्यातला फरक लक्षात येतो. परदेशातून आलेल्याची सेवा वर्षभराने संपते. ठाण्यातल्या तरुणाने शनिवारी सिनेगॉगला जायचे टाळले, तर कदाचित त्या दिवशीची प्रार्थनाच अपुरी राहते.

या प्रारूपावर आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप अल्पकाळाचा. दोन आठवडे किंवा चार महिने येऊन शिकवणारा स्वयंसेवक मुलांना लळा लावतो आणि निघून जातो. मराठी किंवा हिंदी न येणाऱ्याने गणित कसे शिकवायचे, हाही प्रश्न आहे. विमानाच्या तिकिटाच्या पैशात स्थानिक शिक्षिकेचा काही महिन्यांचा पगार निघाला असता, हे गणित कोणीही मांडू शकतो.

दुसरा आक्षेप लाभाचा. या अनुभवातून जास्त कोणाला मिळते? तरुणाला समज, आत्मविश्वास आणि अर्जात लिहायला एक ओळ मिळते. वस्तीला काय मिळाले, हे मोजले जातेच असे नाही.

तिसरा आक्षेप ओळखीचा. सेवेचा हेतू गरजूला मदत करणे हा आहे की आपल्या समाजातील तरुणांना धर्माशी जोडून ठेवणे हा? अशा संस्था दुसरा हेतू लपवत नाहीत. दूर जाणाऱ्या तरुण पिढीला सिनेगॉगपेक्षा सेवेचा रस्ता जवळचा वाटतो, हे त्या जाणतात.

यावर दिले जाणारे उत्तर कामाच्या रचनेत आहे. मूळ काम स्थानिक संस्थेचे आणि स्थानिक माणसांचे असावे, पाहुण्या स्वयंसेवकाने त्यात भर घालावी आणि तो गेल्यावर दुसऱ्या दिवशीही वर्ग भरावा, चूल पेटावी. रब्बी तार्फोन यांच्या नावावर असलेली शिकवण इथे नेहमी सांगितली जाते. काम पूर्ण करण्याचे ओझे तुझ्या एकट्यावर नाही, पण म्हणून ते सोडून देण्याची मुभाही तुला नाही, असा तिचा आशय आहे. आलेल्याला ‘मी यांचा उद्धार केला’ असे वाटू नये आणि ‘माझ्याने काय होणार’ असेही वाटू नये, यासाठी ती उपयोगी पडते.

नाशिकच्या तरुणांनी यातून काय घ्यावे?

आपल्याकडे स्वयंसेवेची व्यवस्था नाही, असे नाही. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दी वर्षात ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर हे तिचे सर्वांना माहीत असलेले गणित. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग कार्यक्रमालाही श्रेयांक मिळतात. २०२७ च्या सिंहस्थात गोदाघाटावर आणि त्र्यंबकेश्वरला गर्दीचे व्यवस्थापन, स्वच्छता, हरवलेल्यांचा शोध अशा कामांसाठी हजारो तरुण हात लागणार आहेत.

अडचण तासांच्या संख्येत नाही. श्रमदान झाले, छायाचित्र काढले, वहीत सही झाली की विषय संपतो. या नाल्यात दरवर्षी कचरा का येतो, तो टाकणाऱ्यांच्या घरापर्यंत घंटागाडी पोहोचते का, गेल्या वर्षी लावलेल्या रोपांपैकी किती जगली, यावर बसून बोलायला वेळापत्रकात जागा नसते. कळव्यातील प्रयोगातून घेण्यासारखी गोष्ट हीच आहे. चार तास काम केले तर एक तास त्यावर वाचन आणि वाद. त्यासाठी निधी लागत नाही, परवानगी लागत नाही. दोन विद्यार्थी आणि एक उतारा पुरतो. उतारा तुकोबांचा असो, फुल्यांचा असो, संविधानातील एखादे कलम असो किंवा महापालिकेच्या अंदाजपत्रकाचे पान असो.

हे आपल्याला शिकवायला बाहेरून कोणी येण्याचीही गरज नाही. पुराच्या बातम्यांत दरवर्षी उल्लेख होणाऱ्या नाशिकच्या पुलाला ज्यांचे नाव आहे, त्या गाडगे महाराजांचा (१८७६-१९५६) दिनक्रम आठवावा. गावात शिरले की आधी हातात खराटा. दिवसभर रस्ते झाडायचे. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन, आणि त्यात उपदेशापेक्षा प्रश्न अधिक. समोर बसलेल्या माणसाला ते विचारत, त्याचे उत्तर काढून घेत आणि त्यावर पुढचा प्रश्न टाकत. लोदच्या माडीवरच्या विद्वानांना ही पद्धत ओळखीची वाटली असती.

सिंहस्थ संपल्यावर घाट स्वच्छ झाले का, हे दोन दिवसांत दिसेल. स्वच्छ करणाऱ्या तरुणांनी त्यानंतर गोदावरीबद्दल कोणते प्रश्न विचारले, हे पुढच्या पावसाळ्यात कळेल.